उपचारानंतरच्या महिन्यांसाठी कायदा करा : विधानमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

अधिवेशन संपलं की आपल्यापैकी बरेच जण मतदारसंघात कार्यअहवाल वाटतात. रस्ते, सभामंडप, पाणी योजना, मांडलेले प्रश्न, लक्षवेधी सूचना असं सगळं त्यात असतं. मी हे अहवाल पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. अलीकडच्या बहुतेक अहवालांत कौशल्य प्रशिक्षण आणि व्यसनमुक्ती हे दोन्ही विषय असतात, याचा मला आनंद आहे. एका पानावर रोजगार मेळावा आणि प्रशिक्षण केंद्राचं उद्घाटन असतं. चार पानं उलटली की व्यसनमुक्तीची शपथ आणि प्रभातफेरी. अमली पदार्थविरोधी दिन २६ जूनला आणि युवा कौशल्य दिन १५ जुलैला. दोन्ही पावसाळी अधिवेशनाच्या आगेमागेच येतात. दोन्ही दिवशी भाषणं होतात. पण ज्या माणसाला एकाच वेळी उपचारही हवेत आणि कामही हवं, त्याच्याबद्दल या दोन्ही पानांवर काही नसतं. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

माझी नोकरी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत झाली. फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. निवृत्तीनंतर व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेल्यांच्या पाठपुरावा गटात जातो. म्हणजे प्रशिक्षण आणि व्यसनमुक्ती, दोन्हीकडचा कारभार मी आतून पाहिला आहे. त्यावरून माझी एकच मागणी आहे. उपचार आणि प्रशिक्षण यांना बांधून ठेवणारा एक कायदा या राज्यात व्हावा, आणि त्याला स्वतःचा निधी असावा.

आधी वर्कशॉपमधली गोष्ट सांगतो, कारण आजार सगळ्यात आधी तिथेच दिसतो.

फिटरच्या पहिल्या वर्षी पोराच्या हातात कानस येते. माइल्ड स्टीलचा तुकडा वाइसमध्ये धरायचा आणि घासून सपाट करायचा. तो सपाट झाला की नाही हे बघायला ट्राय-स्क्वेअरचं पातं जॉबवर टेकवून उजेडाकडे धरतात. मधून उजेड दिसला की जॉब परत. सकाळच्या पहिल्या तासाला ज्याचा हात थरथरतो, त्याची कानस जॉबवर टिकत नाही. ती उड्या मारते, काठ गोल होतात, पृष्ठभागावर आडव्या रेघा उठतात. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच पोराचा हात अगदी स्थिर असतो. नवख्या निदेशकाला वाटतं, सकाळी पोरगं आळसात होतं. जुन्या निदेशकाला कळतं की मधल्या वेळात ते बाहेर जाऊन आलंय.

सकाळी थरथर आणि घेतल्यावर स्थिर, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झालेलं आहे. या अवस्थेतल्या माणसाला ‘आजपासून सोड, नाहीतर नाव कमी करीन’ असा दम देणं धोक्याचं असतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस दगावूही शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या, थायमिनचं इंजेक्शन, पाणी आणि विश्रांती मिळाली तर हाच काळ सुखरूप पार पडतो. निदेशकांच्या प्रशिक्षणात मशीनची सुरक्षितता शिकवतात, गॉगल आणि बूट शिकवतात. ही एवढी माहिती मात्र शिकवत नाहीत. लेथवर उभ्या असलेल्या पोराच्या जिवाशी तिचा थेट संबंध आहे.

मग संस्थेत काय होतं? हजेरी घटत जाते. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. आजारपणाची सवलत मागायची तर दाखला हवा, आणि दाखल्यावर खरं कारण लिहायला घरचे तयार नसतात. म्हणून कावीळ किंवा टायफॉइडचा दाखला येतो. निदेशकाला कळतं, प्राचार्यांना कळतं, कोणी काही बोलत नाही. पोराला उपचार मिळत नाहीत, ते नापास होतं किंवा नाव कमी होतं, आणि रेकॉर्डवर ‘सतत गैरहजर’ एवढा शेरा राहतो. त्या शेऱ्याखाली आजार दबलेला आहे हे विभागाच्या कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

देशाचे आकडे मात्र उपलब्ध आहेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ साली आलं. त्यात दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक ५ कोटी ७० लाखांच्या घरात निघाले. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं त्यात नोंदवलं आहे. दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस तर १८० मध्ये एक. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही दारूच्या बाबतीतली उपचारांची तूट ८६ टक्क्यांच्या वर होती. तंबाखूचा विषय मी इथे वाढवत नाही. राज्यातले २६ टक्क्यांहून जास्त प्रौढ तंबाखू वापरतात हे २०१६-१७ च्या पाहणीत आलेलं आहे, आणि २०१२ पासून गुटखाबंदी असूनही वर्कशॉपच्या मागच्या भिंती अजून रंगलेल्या असतात.

आता त्या ३८ मधल्या एकाबद्दल बोलतो, ज्याला उपचार मिळाले. लोकांना वाटतं, त्याचं झालं काम.

पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट यांनी येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथल्या निवासी उपचारांचा काळ साधारण पाच आठवड्यांचा असतो. साताऱ्यात परिवर्तन ही संस्था हेच काम करते. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान गावागावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी दवाखाने चालवतं. या लोकांनी महाराष्ट्राला एक गोष्ट शिकवली आहे : डिटॉक्स हा उपचाराचा सगळ्यात छोटा भाग आहे. शरीरातली दारू काही दिवसांत उतरते. त्यानंतरचे महिने कठीण असतात. संध्याकाळी सहानंतर करायचं काय, पगाराच्या दिवशी कुठल्या रस्त्याने घरी यायचं, मेहुण्याच्या लग्नात वरातीपुढे नाचायचं की मंडपात बसायचं, असे प्रश्न रोज समोर येतात. म्हणूनच फॉलो-अप असतो, एएच्या म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंगा असतात, आणि वर्षभर सोबर राहिलेल्याचा वाढदिवस केक कापून साजरा करतात. पन्नाशीचा माणूस आपला पहिला वाढदिवस म्हणून रडतो तेव्हा त्याची बायको आणि पोरं शेजारी उभी असतात. सन्माननीय सदस्यांनी एकदा तरी अशा कार्यक्रमाला, भाषण न करता, बसावं अशी माझी विनंती आहे.

या महिन्यांत माणसाला सगळ्यात जास्त कशाची गरज असते, असं गटात विचारलं तर पहिलं उत्तर एकच येतं : काम.

आमच्या गटात एक वेल्डर आहे. आर्क आणि गॅस दोन्ही उत्तम जमतं, पण कागद एकही नाही. सगळं काम हाताखाली राहून शिकला. दहावी नापास, वय चाळिशीच्या अलीकडे. केंद्रातून आल्यावर तो जुन्या ठेकेदाराकडे गेला. ठेकेदार म्हणाला, ‘तू परत पिणार नाहीस कशावरून?’ याला उत्तर नाही. कोणाकडेच नसतं. मग त्याने योजनांची चौकशी केली. २०२४ ला सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना चांगली आहे. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार असं विद्यावेतन त्यात ठरलं. पण वयाची अट १८ ते ३५, आणि शिक्षण किमान बारावी. आमच्या गटातले बहुतेक जण दोन्ही अटींच्या बाहेर आहेत. ग्रामीण भागात ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच दिवशी ५११ प्रमोद महाजन कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. तिथे याला नव्याने वेल्डिंग शिकवून उपयोग काय? त्याला येतंच. अनुभवाने शिकलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे, पण त्याला ती कोणी सांगितली नाही. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाला ती ठाऊक नव्हती, आणि कौशल्य केंद्रातल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्र कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिकपणे काम करत होते.

तो मजूर अड्ड्यावर उभा राहायला लागला. अड्ड्यावर काम सुटतं अंधार पडल्यावर, पैसे रोखीत मिळतात, आणि सोबतचे सगळे जिथे जातात तिथे रस्ता जातो. मीटिंग चुकायला लागल्या. पुढे काय झालं ते आपण ओळखलंच असेल. तो परत आला, परत दाखल झाला, आणि आता एका फॅब्रिकेशनच्या दुकानात आहे. त्या दुकानाचा मालक स्वतः कधीकाळी याच वाटेने आलेला, म्हणून त्याने ठेवून घेतलं. संध्याकाळी मीटिंगच्या वेळेला सोडतो. पगार आठवड्याला आणि बायकोच्या खात्यावर, हे वेल्डरनेच मागून घेतलं. घरचा गाडा मधल्या काळात तिच्या बचत गटाच्या कर्जावर चालला होता. हे सगळं एका चांगल्या माणसाच्या मर्जीवर झालं. शासनाच्या कुठल्याही विभागाचा त्यात वाटा नाही.

आणि विभाग तर पाच आहेत. व्यसनमुक्तीचं धोरण सामाजिक न्याय विभागाकडे, ते २०११ सालचं. उपचार सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. दारूचे परवाने आणि महसूल राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. अमली पदार्थांवरची कारवाई गृह विभागाकडे. प्रशिक्षण कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाकडे. या पाचांना एका टेबलावर बसवणारी सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. जिल्हाधिकारी उत्साही असेल तर वर्षभर बैठका होतात. बदली झाली की फाइल थांबते.

कायदे नाहीत असं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून होणारे विकार मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहेत. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून उपचार मिळणं हा त्या कायद्याच्या कलम १८ ने नागरिकाचा हक्क आहे. माहिती गुप्त राखण्याचा आणि भेदभाव न होण्याचा हक्कही त्यात आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही कलम ६४अ आहे : सेवन करणारा किंवा थोडा साठा जवळ असलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचारांना आला आणि ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. किती पोलीस ठाण्यांत, किती महाविद्यालयांत हे कलम माहीत आहे?

अमली पदार्थांवर आपण कडक झालात हे योग्यच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून मेफेड्रोनचा, म्हणजे एमडी या अमली पदार्थाचा, प्रचंड साठा निघाला, तेव्हा राज्य हादरलं. २०२५ मध्ये आपण संघटित गुन्हेगारीविरोधी मकोका कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे त्यात आणले. विकणाऱ्यासाठी कायदा झाला. पण एमडी ओढायला लागलेल्या बावीस वर्षांच्या डिप्लोमावाल्या पोराला पुन्हा कामावर कसं आणायचं, यासाठी त्याच सभागृहात त्याच आठवड्यात एखादं विधेयक आलं असतं तर काम पूर्ण झालं असतं. दारूबंदी हवी की नको, यात मी पडत नाही. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे, चंद्रपूरला २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली, उभी बाटली की आडवी बाटली यावर बायाबापड्यांनी गावोगाव मतं दिली. बंदी लागो वा उठो, जो आज अवलंबून आहे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उपचार आणि कामच लागतं.

आता निधीचं बोलतो, कारण ‘आर्थिक भार’ या दोन शब्दांवर चांगले प्रस्ताव मंत्रालयात अडकतात.

या विधानमंडळाने एकदा असं काम करून दाखवलं आहे की देशाला पुढे त्याचा कित्ता गिरवावा लागला. परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला, १९७७ मध्ये आपल्या पूर्वसुरींनी त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या कायद्याची ताकद नुसत्या आश्वासनात नव्हती, पैशाच्या तरतुदीत होती. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला, तो हमीच्या कामासाठी राखला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची असं ठरवलं. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून पैसा गेला आणि दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम मिळालं. माझ्या पगारातूनही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तसंच आता दारूच्या महसुलाचं करा. १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं गेलं आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटींची वाढीव भर अपेक्षित असल्याचं शासनाने सांगितलं. ही फक्त वाढ आहे, मूळ महसूल वेगळा. या वाढीव रकमेतला ठरावीक हिस्सा, कितीही लहान असो पण कायद्यात लिहिलेला आणि दुसरीकडे वळवता न येणारा, उपचार आणि त्यानंतरच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवा. केरळमध्ये विमुक्ती हे व्यसनमुक्तीचं अभियान उत्पादन शुल्क विभागच चालवतो आणि जिल्ह्याजिल्ह्यात त्याची उपचार केंद्रं आहेत. ज्या विभागाकडे दारूचा पैसा येतो त्याच्यावरच जबाबदारी टाकता येते, हे तिथे दिसतं.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. माझ्याच गावातली एक आई मला म्हणाली, ‘माझा पोरगा कधी सुपारी खात नाही, त्याला नोकरी नाही, आणि तुम्ही दारुड्यांना विद्यावेतन द्या म्हणता?’ तिचं दुःख खरं आहे. मी तिला जे सांगितलं तेच आपल्याला सांगतो. तिच्या मुलाच्या वाट्याची एकही जागा कमी करून हे मागत नाही. आरक्षण मागत नाही. पैसा मागतो तो पिणाऱ्यांनीच बाटलीमागे भरलेल्या शुल्कातला. आणि जो माणूस कामावर परत येतो, त्याच्या घरातला मुलगा शाळेत टिकतो, बायको मार खात नाही, म्हातारी औषध घेते. त्या आईला सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. पण शेवटी ती म्हणाली, तिच्या दिरासाठी असं काही असतं तर बरं झालं असतं.

कायद्यात काय असावं याचा मसुदा तज्ज्ञांनी करावा. कारखान्यात, वर्गात आणि गटात जे अडतं तेवढं मी सांगतो.

पहिली अडचण हजेरीची. नोंदणीकृत केंद्रात किंवा शासकीय रुग्णालयात घेतलेले उपचार ही आयटीआय आणि राज्याच्या सगळ्या प्रशिक्षण योजनांमध्ये वैद्यकीय रजा धरावी. दाखल्यावर आजाराचं नाव न लिहिता फक्त उपचारांच्या तारखा असाव्यात. परत आल्यावर विद्यार्थ्याने तिथूनच पुढे शिकावं, वर्ष वाया जाऊ नये. परीक्षेचे नियम केंद्राचे आहेत हे मला माहीत आहे. राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा, आणि स्वतःच्या योजनांना तर दिल्लीला विचारायची गरज नाही.

दुसरं, वय आणि शिक्षणाच्या अटी. उपचार पूर्ण करून नियमित फॉलो-अपला येणाऱ्यासाठी विद्यावेतनाच्या योजनेत वयाची मर्यादा वाढवावी आणि बारावीची अट काढावी. ज्याच्या हातात कसब आहे त्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्राला जवळच्या आयटीआयशी जोडून करावी. वेल्डर, गवंडी, इलेक्ट्रिशियन, गॅरेजवाला, लूमवर काम केलेला विणकर अशा कितीतरी जणांना शिकवायची गरजच नाही, कागद हवा आहे. विद्यावेतन महिन्याच्या शेवटी एकरकमी न देता आठवड्याला द्यावं, आणि माणसाची लेखी इच्छा असेल तर घरच्या माणसाच्या खात्यावर. हातात एकदम पैसा आला की काय होतं हे गटातला प्रत्येक जण सांगेल.

तिसरं, नोकरी देणारे. ठेकेदाराच्या प्रश्नाला एकट्या माणसाकडे उत्तर नव्हतं, पण राज्य काही उत्तर देऊ शकतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याने २०१८ मध्ये व्यसनातून सावरणाऱ्यांना सामावून घेणाऱ्या कंपन्यांसाठी उपक्रम सुरू केला. कंपनीने स्वेच्छेने नाव नोंदवायचं, सुपरवायझरना प्रशिक्षण द्यायचं, उपचारांची वाट मोकळी ठेवायची, आणि राज्याने त्या कंपनीला मान्यता द्यायची. आपल्याकडे सुरुवात सरकारी वर्कशॉपपासून करता येईल. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत वेल्डिंग आहे, पत्राकाम आहे, रंगकाम आहे, सुतारकाम आहे. गाडी चालवायला देऊ नका. जिथे सुपरवायझर शेजारी उभा असतो अशा टेबलावरची काही कामं प्रशिक्षण म्हणून द्या. एका वर्षात कळेल चालतंय की नाही.

चौथी मागणी जवळजवळ फुकट आहे. आयटीआयच्या वर्गखोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. एएच्या आणि कुटुंबीयांच्या मीटिंगांसाठी त्या विनामूल्य द्या. आज या मीटिंगा कुठे मंदिराच्या ओसरीवर, कुठे शाळेच्या जिन्याखाली होतात. एका परिपत्रकाचं काम आहे. स्त्रियांच्या मीटिंगांसाठी वेगळी खोली आणि वेगळी वेळ द्या. स्त्रियांच्या व्यसनाबद्दल घरात बोलतच नाहीत, म्हणून त्यांच्यासाठीची केंद्रंही मोजकी आहेत. मुक्तांगणचं निशिगंध आठवतं, त्यापलीकडे नावं पटकन सुचत नाहीत.

आणि एक गोष्ट तातडीची. व्यसनमुक्तीच्या नावाखाली चालणाऱ्या काही खासगी जागांत माणसांना कोंडतात, मारतात, साखळीने बांधतात. घरचे लोक हतबल होऊन पैसे भरतात आणि गप्प बसतात. २०१७ च्या कायद्याने अशा प्रत्येक आस्थापनेची नोंदणी सक्तीची आहे आणि साखळीने बांधायला स्पष्ट मनाई आहे. नव्या निधीतला एकही रुपया नोंदणी आणि तपासणीशिवाय कुठल्याही केंद्राला जाऊ नये. नाहीतर चांगल्या हेतूने काढलेला पैसा त्या कुलुपांच्या मागे जाईल.

कोणी म्हणेल, उपचारानंतरही पुष्कळ जण परत पितात, मग एवढा खटाटोप कशाला? खरं आहे, पितात. मधुमेहाच्या माणसाची साखर दिवाळीत वाढते म्हणून आपण त्याचं इन्सुलिन बंद करत नाही. कायद्यातच लिहा की एकदा घसरलेल्याला परत येता येईल, त्याची प्रशिक्षणाची जागा काही काळ राखून ठेवली जाईल. सोबर राहण्याच्या धडपडीत दुसरी, तिसरी संधी लागते हे ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं ते सगळे सांगतात.

आपल्यापैकी काही जण शेतकरी कुटुंबातले आहेत, काही कारखानदार, काही डॉक्टर, काही कामगार चळवळीतून आलेले. ३६६ सदस्यांच्या दोन्ही सभागृहांत असा एकही सदस्य नसेल ज्याच्या नात्यात, गावात किंवा कार्यकर्त्यांत हा आजार नाही. कार्यकर्त्यांचं तर मी हात जोडून सांगतो. निवडणुकीच्या महिन्यात पोरांना काय दिलं जातं हे गावाला माहीत असतं. ते थांबवायला कायदा लागत नाही.

पक्षाचा प्रश्न इथे आणू नका. पागेसाहेबांच्या कायद्याला दोन्ही बाजूंनी पाठिंबा दिला होता.

शासन स्वतः विधेयक आणत नसेल तर आपल्यापैकी कोणीही अशासकीय विधेयक आणू शकतं. ते सहसा मंजूर होत नाही, हे मला माहीत आहे, पण चर्चा नोंदली जाते आणि मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. तेवढंही जमत नसेल तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एक तारांकित प्रश्न विचारा : गेल्या तीन वर्षांत शासकीय आणि अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रांतून उपचार पूर्ण करून किती जण बाहेर पडले, आणि त्यांपैकी किती जणांना राज्याच्या कोणत्याही कौशल्य योजनेत प्रवेश मिळाला, जिल्हानिहाय. ही माहिती ठेवली जात नसेल तर तसं लेखी उत्तर घ्या आणि ते आपल्या पुढच्या कार्यअहवालात छापा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक